मुळेसाहेबांच्या गाडीचा आवाज

गाडी ठेवायची की काढायची, हे विचारायला माणसं गॅरेजात येतात तेव्हा आधी गाडीबद्दल बोलत नाहीत. पावसापाण्याचं बोलतात, कांद्याच्या भावाचं बोलतात, चहा घेतात. मग बॉनेटवर हात ठेवून, गाडीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारतात, "काय करायचं, मिस्त्री?"

नगरच्या एमआयडीसी रस्त्यावर माझं गॅरेज होतं. आता ते पुतण्या चालवतो. मी सकाळी जातो, चहा पितो, एखाद्या गाडीचा आवाज ऐकतो आणि घरी येतो. आयुष्यभर मी हेच केलं. पाना हातात धरायला कुणीही शिकतो, पण कुठली गाडी कुठून दुखतेय हे ऐकायला वेळ लागतो. सुरुवातीची वर्षं जीप आणि ट्रकमध्ये गेली. नंतर मोठ्या परदेशी गाड्या यायला लागल्या. उंच, जड, आत बसलं की बाहेरचं जग लांब गेल्यासारखं वाटणाऱ्या. नव्या असतात तेव्हा त्या पुण्याला कंपनीच्या शोरूमला जातात. दोन-अडीच लाख किलोमीटर झाले की माझ्यासारख्याकडे येतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी खूप चालली की आधी इंजिन जातं. तसं नसतं. ऑइल वेळेवर बदललं तर या गाड्यांचं इंजिन मालकाला कंटाळा येईपर्यंत चालतं. जातं ते बाकीचं. स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली गाडी रात्रीत एका बाजूला बसते. गिअर पडताना पाठीत कुणी ढोसल्यासारखा धक्का बसतो. दाराच्या आतल्या वायरी वाकून वाकून तुटतात आणि काच भर पावसात खालीच राहते. एक नीट करावं तोवर दुसरं बोलायला लागतं. म्हणून मी सगळ्यांना एकच विचारायचो, गेल्या वर्षात ही रस्त्यात किती वेळा उभी राहिली? एक-दोनदा असेल तर ठेवा. त्याहून जास्त असेल तर गाडीने तुमचा हात सोडलाय, तुम्हीही सोडा.

पुणतांब्याचे एक पेरूचे बागायतदार होते. त्यांना मी काढा म्हणालो, त्यांनी काढली. महिनाभराने नव्या गाडीतून आले. मला वाटलं, नवीचं काहीतरी असेल. तर म्हणाले, "जुनी कुनी नेली, मिस्त्री? नीट ठेवतोय का?" नव्या मालकाने ती सर्व्हिसला आणली तेव्हा मी त्यांना फोन केला. एवढ्या लांबून आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आरसा रुमालाने पुसला आणि चहा न घेताच गेले. तो सल्ला माझा चुकला नव्हता. गाडी काढायलाच हवी होती. मुळेसाहेबांच्या बाबतीत मात्र मी चुकलो, आणि तेच सांगायचं आहे.

मुळेसाहेब पाझर तलावांचे ठेकेदार. पाझर तलाव म्हणजे ओढ्याला मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी, ते जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना लागावं म्हणून. त्यांचं घराणं भिक्षुकीचं, वडील शाळामास्तर. हे एकटेच माती-मुरमाच्या धंद्यात पडले. पारनेर, कर्जत, जामखेड, जिथे पाऊस कमी तिथे यांचं काम. चांगले दिवस आले तेव्हा राखाडी रंगाची मोठी गाडी घेतली आणि तिला घर केलं. साइटवर दिवसभर रोलर फिरत असायचा, भरावाची माती दाबत, आणि साहेब दुपारी गाडीच्या मागच्या सीटवर अर्धा तास पडायचे. काच खाली, तोंडावर टॉवेल. कुणाला काही विचारायचं असेल तर तो टॉवेलला विचारायचा.

ती गाडी चार लाख तीस हजार किलोमीटर चालली होती, तेव्हा मुळेवहिनी ती घेऊन माझ्याकडे आल्या. गाडी चालवत होता पोपट, त्यांचा जुना ड्रायव्हर, जामखेडकडचा. साहेब आले नव्हते. ते धंद्यातून निवृत्त झाल्याचं मला माहीत होतं.

"इक्बालभाई," वहिनी म्हणाल्या, "मंदार म्हणतो ही काढा. तो नवी बुक करतोय. तुम्ही एकदा बघून सांगा."

मंदार त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. मी गाडी दिवसभर ठेवून घेतली. मागची डावी पिशवी फुटलेली. गिअरबॉक्स दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दणका देत होता. आणि पन्नासच्या पुढे गेलं की मागून घूं असा एक जाड, सलग आवाज येत होता. डावीकडे वळण घेताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा तो आवाज वाढायचा. म्हणजे मागच्या उजव्या चाकाची बेरिंग खराब. वर्षात पाच वेळा रस्त्यात उभी राहिली, असं पोपट म्हणाला.

संध्याकाळी मी वहिनींना म्हणालो, "काढा."

"आणि ठेवायची म्हटलं तर?"

"तर मी तुम्हाला फसवतोय असं होईल."

त्या थोडा वेळ खुर्चीवर बसून राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला वाटलं, गाडीवर जीव आहे म्हणून वाईट वाटतंय, तसं सगळ्यांनाच वाटतं. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. गाडी कशाला लागते, हे मी त्यांना विचारलंच नाही.

नवी गाडी आली. जुनी माझ्या गॅरेजात, गिऱ्हाईक मिळेपर्यंत, बाभळीच्या सावलीत उभी राहिली. तीन आठवडे झाले असतील. मी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला निघालो होतो, तेवढ्यात पोपट रिक्षाने आला. दाढी वाढलेली.

"मिस्त्री, जुनी गाडी दोन दिस द्या."

"का रे? नवी काय झाली?"

"साहेब बसत न्हाईत तिच्यात. बसवलं तर चालत्या गाडीचं दार उघडाय बघत्यात."

मग तो बाभळीखाली उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगितलं. दीड वर्षापासून साहेबांना आठवत नव्हतं. सकाळी ठीक असायचे. चार वाजले की घरात येरझारा सुरू. साइटवर जायचंय, माणसं थांबलीत, चप्पल कुठाय. एकदा पायीच निघून पार रेल्वे स्टेशनपर्यंत गेले होते. मग वहिनींनी एक युक्ती काढली. चार वाजले की त्यांना गाडीत बसवायचं आणि पोपटने जामखेड रस्त्याला लागायचं. चिचोंडी गाव यायच्या आत साहेब झोपायचे. तासाभराने गाडी घरी आणायची. उठले की शांत. जेवायचे, रात्री झोपायचे. दीड वर्ष, गाडी बंद पडली ते दिवस सोडले तर एक दिवस चुकला नाही.

"आता तीन आठवडं कुनी झोपलं न्हाई बगा त्या घरात. बाई तर लई वाळल्यात."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"बाई म्हनल्या हुत्या, कुनाला सांगू नको. लोकं हसत्यात."

त्या दिवशी मी नमाज उशिरा पढला. लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही जुनी गाडी त्यांच्या दारात नेली. साहेब व्हरांड्यात उभे होते, चप्पल उलटसुलट घातलेली. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले, पण नाव आलं नाही. गाडी दिसली तसे स्वतःच चालत आले आणि मागच्या दाराला हात घातला. वहिनी एका बाजूला बसल्या, मी पुढे, पोपटच्या शेजारी.

गाव संपलं. रस्ता मोकळा झाला. ऊन कलतं होतं आणि दोन्ही बाजूंच्या ज्वारीच्या रानांवर ते पिवळं सांडलं होतं. काटा पन्नासवर गेला आणि मागून घूं सुरू झालं. मी सवयीने डोळे मिटले. डोळे मिटले की गाडीचा एकेक भाग वेगळा ऐकू येतो. इंजिन खाली कुठेतरी, वारा वर, टायर मधे, आणि या सगळ्याच्या तळाशी ते घूं, एखाद्या लांबच्या शेतात काहीतरी अवजड फिरत असावं तसं.

मागून साहेबांचा आवाज आला. "रोलर चालू आहे ना?"

मग वहिनी म्हणाल्या, "चालू आहे."

"दोन हात अजून मारायला सांगा. माती कोरडी आहे."

"सांगते."

मी आरशात पाहिलं. साहेबांनी मान मागे टाकली होती. तोंड थोडं उघडं. वहिनींनी पर्समधून छोटा टॉवेल काढला आणि त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. थोड्या वेळाने वहिनींचाही डोळा लागला. पोपट हळू आवाजात म्हणाला, "बगा." रस्ता आपल्याकडे येतोय आणि आपण जागेवरच आहोत, असं मला वाटत होतं.

तो आवाज कसला हे त्या गाडीत मला एकट्याला माहीत होतं. साहेबांना तो रोलर वाटत होता. पण ती मरायला टेकलेली बेरिंग होती. अशी बेरिंग एक दिवस तापते आणि चाक अडकतं, किंवा निखळतं. ती किती दिवस टिकेल हे कुणी सांगू शकत नाही.

मी वहिनींना सांगितलं, गाडी आठ दिवस ठेवून घेतो, सगळी नीट करतो. आठ दिवस आम्ही राबलो. हवेच्या मागच्या दोन्ही पिशव्या बदलल्या, गिअरबॉक्स उघडून त्याचं ऑइल आणि ते गाळणारी जाळी बदलली. बेरिंगही नवी बसवली. ती बसवताना हात अडखळला होता, हे खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, सीट तीच आहे, वास तोच आहे, तेवढं पुरेल.

पुरलं नाही. गाडी पन्नासला गेली, साठला गेली. आत फक्त वाऱ्याचा आवाज. साहेब सरळ बसले.

"रोलर का बंद पडला?"

वहिनी म्हणाल्या, "चालू आहे."

"नाही. बंद पडलाय. भराव कच्चा आहे, पाणी येईल." त्यांचा हात दाराकडे गेला. "खाली वस्ती आहे. माणसं झोपलीत तिथे."

पोपटने गाडी कडेला घेतली. साहेब उतरून रस्त्याने चालायला लागले आणि आम्ही तिघं त्यांच्या मागे. एका पुलाच्या कठड्याशी ते थांबले. वहिनींनी त्यांना कसंबसं परत आणलं. घरी येईपर्यंत साहेब दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसले होते.

तो आवाज खराब बेरिंगचा होता, ती मी बदलली, हे मी अंगणात वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "इक्बालभाई, जुनी बेरिंग आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"तीच टाका परत."

"वहिनी, ते चाक चालत्या गाडीचं अडकलं तर गाडी उलटते."

"उलटू दे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी असतेच शेजारी."

पोपट खाली बघत उभा होता. ती गाडी चालवणार होता तो. त्याला घरी बायको होती, दोन मुली होत्या. तरी तो म्हणाला, "मी हळू चालवीन, मिस्त्री."

मी नाही म्हणालो. आयुष्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मला कधी जड गेलं नाही, त्या दिवशी गेलं. वहिनी आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मंदार दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. गॅरेजात उभं राहूनच बोलला. "तुम्हीच म्हणालात ना काढा म्हणून? आता आईला काय सांगितलंत तुम्ही?"

"म्हणालो होतो," मी म्हटलं. "चुकलो."

त्याला भांडायचं होतं. पण तो बाकावर बसला आणि म्हणाला, "बाबा मला परवा साइटवरचा मुकादम समजले. मजुरी वाटली का विचारत होते." मी त्याला चहा दिला.

त्या आठवड्यात गॅरेजात माझं कशात लक्ष नव्हतं. काम करता करता कानात घूं चालू असायचं. एका दुपारी पारनेरच्या एका शेतकऱ्याची जीप आली. त्याने हौसेने चिखलात चालणारे टायर लावले होते, मोठ्या गोट्यांचे, खोल खाचांचे. तो गेटमधून वेगाने आत आला आणि मी हातातला पाना खाली ठेवला. अशा टायरच्या गोट्या डांबरावर आपटतात आणि त्यातून एक सलग आवाज निघतो. लोक तक्रार करतात त्याची. मीच कित्येकांना सांगितलंय की हे टायर डांबरावर लावू नका, कान किटतील.

साहेबांच्या गाडीच्या मापाचे तसे टायर मागवले. मागच्या दोन चाकांना लावून भागणार नव्हतं, चारही लावले. मग पोपटला म्हणालो, "तू चालव, मी मागे बसतो." साहेबांच्या जागेवर बसलो आणि डोळे मिटले. साठला आवाज बारीक होत होता, किरकिरा. पंचेचाळीसला जाड होता, पण विरळ. उतरून हवा थोडी वाढवली, पुन्हा बसलो. मग मागच्या टायरांची कमी केली. चिचोंडीपर्यंत चार वेळा थांबलो. एका ठिकाणी, कांदा साठवायच्या चाळींच्या पुढे, उतारावर, पोपटने गाडी पन्नासला धरली आणि तळातून ते आलं. अगदी तेच नाही. त्याचा भाऊ म्हणावा असं.

"हे," मी म्हणालो. "एवढाच वेग. यापुढे नाही, मागे नाही."

"लक्षात ठेवतो," पोपट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना बसवलं तेव्हा वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. गाडी निघाली. साहेबांनी मान तिरकी केली आणि बराच वेळ ऐकलं.

"नवीन रोलर आणला का?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून म्हणालो, "हो साहेब. जुना दुरुस्तीला गेलाय."

"हलका आहे," साहेब म्हणाले. "पण चालेल." आणि चिचोंडीच्या आत झोपले.

ही गोष्ट होऊन दोन वर्षं होत आली. ती गाडी अजून चालते. तिला मी दर महिन्याला बघतो, आणि एवढ्या जुन्या गाडीवर एवढा जीव ओतणं धंद्याच्या हिशेबात बसत नाही हे मला कळतं. नवी गाडी मंदारने पुण्याला नेली. कुणी विचारलं तर मी आजही म्हणेन की पाच वेळा रस्त्यात थांबलेली गाडी काढावी. फक्त आता आधी हे विचारतो की ती जाते कुठे, आत कोण बसतं.

गेल्या हिवाळ्यात एकदा वहिनी म्हणाल्या, "आज लांब जाऊ. तुम्हीही चला." जेवणं आटोपून निघालो. त्याच पन्नासच्या वेगाने, जामखेड मागे टाकून खर्ड्यापर्यंत. साहेब झोपत होते, जागे होत होते. खर्ड्याचा किल्ला गेला आणि पोपटने गाडी एका कच्च्या रस्त्याला घातली. त्याला हा भाग पाठ होता. रस्ता एका बांधाशी संपला. पलीकडे पाणी होतं, डोंगराच्या कुशीत शिरलेलं, संथ, त्यावर चार-दोन बगळे. सूर्य खाली आला होता आणि अर्धं पाणी तांबूस झालं होतं.

साहेब उतरले. बांधावर चढले, वहिनींचा हात धरून. पाण्याच्या बाजूला दगड रचलेले होते, त्यांवर पायाने दाबून बघितलं. दहा-बारा पावलं जाऊन पुन्हा दाबलं.

"दगड चांगला बसवलाय," म्हणाले. "ठेकेदार कोण होता?"

"मुळे," वहिनी म्हणाल्या. "दत्तात्रय मुळे."

साहेबांनी विचार केला. "नाव ऐकल्यासारखं वाटतंय. माणूस बरा असावा." मग बांधाच्या टोकाकडे, जादा पाणी निघून जायला सांडवा ठेवलेला असतो तिकडे, बोट दाखवलं. "त्याला निरोप द्या, सांडव्याकडचा कोपरा बघून घे. तिथे त्याने घाई केलीय."

"देते निरोप."

ते खाली उतरले आणि गाडीत जाऊन बसले. वहिनी त्यांच्याबरोबर गेल्या. पोपट आणि मी उगाचच सांडव्याकडे चालत गेलो. कोपऱ्यातले दोन दगड सुटून खाली घसरले होते आणि त्यांच्या जागी माती उघडी पडली होती.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पोपटने शर्टाच्या बाह्या वर केल्या. दगड मोठे होते. एकेक करून दोघांनी मिळून वर ढकलला, जागेवर फिरवून बसवला, फटीत बारीक दगड ठोकले. माझी कंबर धरली. काम झालं तेव्हा डोंगरावरचं ऊन गेलं होतं आणि पाण्याचा रंग राखी झाला होता. गुरं घेऊन चाललेल्या एका बाईने लांबून विचारलं, "कोन हाय तिकडं?" पोपट म्हणाला, "ठेकेदाराची मानसं हाईत."

हात झटकत गाडीकडे आलो. पोपटने खिशातून किल्ली काढली. तेवढ्यात वहिनींनी काच खाली केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मागच्या सीटवर साहेब झोपले होते. तोंडावर टॉवेल. गाडी बंद होती, कसलाही आवाज नव्हता.

पोपटने किल्ली परत खिशात टाकली. आम्ही दोघं बांधावर जाऊन बसलो.